छपरावरचं किराईत

औषधाच्या झाडापाशी जायचं झालं की तो माणूस आधी सूर्याकडे बघायचा, मग खाली आपल्या सावलीकडे. सावली झाडाच्या बाजूला पडलेली दिसली की लगेच दोन पावलं मागे. मग खेकड्यासारखा आडवा आडवा चालत झाडाच्या दुसऱ्या अंगाला जायचा. सत्तरीचा माणूस, गुडघ्यांत वाकलेला, कंबरेला पंचा, आणि हे सगळं भर अंगणात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

"आपली सावली पडली का औषधाचा गुन जातो, बाय," तो म्हणायचा. "झाड घाबरतं."

मी स्वतःच तेव्हा इतकी घाबरलेली असायची, की झाडाचं घाबरणं मला लगेच पटलं.

मी नगरकडची. तिसरी इयत्ता झाली, लग्न ठरलं आणि शाळा सुटली. ह्यांना मिठाच्या नाक्यावर शिपायाची नोकरी लागली, म्हणून आम्ही रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या गावात येऊन पडलो. पुढे खाडीच्या खाऱ्या पाण्याचं खाजण, मागे सुपारीच्या वाड्या, त्यांच्यामागे डोंगर. आमच्याकडे पाण्यासाठी जीव टाकायचा, आणि इथे भिंतींनाही पाणी सुटायचं. माझा पहिला मुलगा गावाकडे तापातच गेला होता. आता तीन वर्षांची लेक तेवढी पदरात. विहिरीवर बायका तिच्याकडे बघून सहज बोलायच्या, "घाटावरच्या पोरांना हितलं पानी सोसत न्हाय गं." त्या सहज बोलायच्या, पण माझा हात दोरावरून सुटायचा.

हा म्हातारा आमच्या शेजारचा. जन्मभर माडांवर चढून माडी काढली. पायाचे तळवे खापरीसारखे झालेले आणि छातीवर माड घासून घासून काळा घट्टा पडलेला. बायको केव्हाच गेली, मूल नव्हतं. कुंपणापलीकडे त्याची भावजय राहायची, ती आणि तिची बकरी. म्हाताऱ्याचं आणि तिचं दिवसातून एकदा भांडण व्हायचंच. तो मला म्हणायचा, "माडावं बरं व्हतं बाय. वर कोन येतंय भांडायला?"

पहिल्याच भाद्रपदात लेकीला ताप भरला. एक दिवस बरी, एक दिवस हुडहुडी. दात असे वाजायचे, की मी तिच्या तोंडात पदराचा बोळा धरायची. तापाच्या तिसऱ्या पाळीला म्हातारा न बोलावता आला. काखेत वाळल्या काड्यांची पेंडी. डोंगरातलं किराईत, तापावरचं. त्यानंच काढा उकळला, त्यानंच पाजला. पोरीनं तो सगळा त्याच्या तोंडावर थुंकला. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, जिभेनं ओठ चाटले आणि म्हणाला, "कडू हाय. मग बरं हाय."

हे त्याचं नेहमीचं. ह्यांना साहेब नाक्यावर टाकून बोलला, तरी "कडू हाय ना? मग बरं हाय." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकच वाक्य जन्मभर पुरवतात, आणि ते पुरतंही.

लेक वाचली. मी त्याच्या पाया पडायला गेले, तर तो आपल्या सावलीसकट मागे सरकला.

पण पेंडी संपली होती. डोंगरावरचं किराईतही संपत आलं होतं, कारण भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लोक दरसाल झुडपं-झाडोरा तोडून आणत. त्यात त्याचे गुडघे गेलेले. "ही माझी शेवटची चढन," असं म्हणून तो पौषात वर गेला आणि पंच्याच्या गाठीत चिमूटभर बी घेऊन आला. पिवळट, खसखशीहून थोडं मोठं. म्हणाला, "घरीच लावू. रानचं लेकरू हाय, रुसंल. पन बघू."

आता सावलीची पंचाईत. अंगणात माणसांची ये-जा, म्हणजे सावल्याच सावल्या. त्यानं चार दिवस विचार केला आणि विहिरीमागची जागा काढली. तिथे सुपाऱ्या इतक्या दाट, की ऊनच पोचत नसे. ऊन नाही म्हणजे कुणाची सावली नाही. मला तर हे फारच शहाणपणाचं वाटलं. ज्येष्ठात निम्मं बी पेरलं. आठ-दहा दिवसांनी दोन-दोन पानांची रोपं वर आली. मी लेकीला कडेवर घेऊन रोज बघायला जायची. रोपं उंच झाली, फिकी झाली, दोऱ्यासारखी झाली आणि एका सकाळी सगळी आडवी पडून कुजलेली दिसली.

त्यानं उकिडवं बसून एक रोप चिमटीत उचललं. मग म्हणाला, "सावली टाळायला गेलो, आन् सावलीतच पुरलं की गं."

मला हसू नाही आलं. भाद्रपदाला दीड महिना होता.

तो तसाच मान वर करून आमच्या पडवीच्या छपराकडे बघत राहिला. पडवी बुटकी, दगडी गडग्याला लागून. ऊन पडेल आणि माणसाची सावली पडणार नाही, अशी ती एकच जागा. फुटक्या मडक्यांच्या खापरांत माती भरून, उरलेलं बी घेऊन तो गडग्यावरून कौलांवर चढला तेव्हा हे नाक्यावरून जेवायला आलेले. खालूनच ओरडले, "अहो बाबा, उतरा! पडाल!"

"माजे गुडघे खालीच दुखतात, वर न्हाय," वरून उत्तर आलं.

छपरावर किराईत जगलं. एकोणीस झाडं, हिरवीगार. त्यातल्या चारांना त्यानं काथ्याचा दोरा बांधला. "ही बियाची. ह्यांना हात लावायचा न्हाय. बाकी सगळी पोरीची."

आश्विनात ताप आला. दोरा नसलेल्या झाडांचा पाला आठ दिवसांत संपला. ताप उतरायचा आणि एक दिवस सोडून परत यायचा. अशाच एका पाळीच्या दुपारी हे नाक्यावर, म्हातारा बाजाराला गेलेला. लेकीचे डोळे अर्धे उघडे, नुसतं पांढरं दिसत होतं. पहिल्या मुलाचे डोळे असेच झाले होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी गडग्यावर चढले आणि चारही झाडं ओरबाडून घेतली. सावली कुठे पडतेय तेही बघितलं नाही. खाली उतरून सगळा पाला एकदम उकळला.

ताप त्या काढ्यानं गेला की जायचाच होता, ते मला आजही सांगता येणार नाही. पण गेला. पोर तिसऱ्या दिवशी भात मागू लागली. आणि मग मला दुसरी भीती लागली. त्याला काय सांगू?

सांगावंच लागलं नाही. तो छपरावर चढला, उतरला, आणि सरळ कुंपणाशी जाऊन ओरडला, "वैनी! तुजी बकरी बांदून घाल! माजं किराईत खाल्लं तिनं!"

भावजय केरसुणी घेऊनच बाहेर आली. "माजी बकरी छपरावं चरली? उद्या म्हनशील माडावं चढून माडी प्याली!"

"गडग्यावरनं गेली आसंल."

"आन् कडू पाला खाईल व्हय ती? तुजं तोंड खाईल त्यापेक्षा!"

सगळी आळी हसली. मीही पदराआड तोंड करून हसल्यासारखं केलं. बोलले मात्र नाही. आठ दिवस बकरी दाव्याला होती आणि तिचं ओरडणं माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायचं.

पौषात तो पुन्हा डोंगरावर गेला. मागच्या वर्षीची चढण शेवटची म्हणाला होता. बी उरलं असतं तर शेवटचीच ठरली असती. मी उंबऱ्यात उभी होते. "बाबा, जाऊ नका," एवढंच म्हणाले. का नको, ते सांगायची छाती झाली नाही. तो दोन दिवसांनी परत आला, चेहरा काळवंडलेला, पंच्याला गाठ मारलेली. ओट्यावर बसता बसताच त्याला हुडहुडी भरली.

आमच्या घरात किराईताची काडीसुद्धा नव्हती.

टपालकचेरीत नुकत्याच तापावरच्या सरकारी क्विनाईनच्या पुड्या विकायला येऊ लागल्या होत्या; ह्यांनी त्या आणल्या. मी आमची गोधडी त्याच्या अंगावर घातली. पुडी जिभेवर टाकून तो म्हणाला, "ही पन कडू हाय." पुढचं काही बोलला नाही. तिसऱ्या पाळीच्या आदल्या दिवशी तो शुद्धीवर होता. भावजय पाणी आणायला गेली तेव्हा मी त्याच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. "बाबा, बियाची झाडं मी ओरबाडली. बकरीनं नाही."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"बकरी शेंडा खाते. ह्ये बुडापासनं खेचलेलं व्हतं." तो धापा टाकत थांबला. "बकरीला येवढं भ्या वाटत न्हाय, बाय."

"मग तिचं नाव का घेतलंत?"

"बकरीला गाव काय बोलनार?"

नंतर त्यानं विचारलं, "पोर जेवली का?" मी म्हटलं, जेवली. त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीच्या पाळीतून तो उठला नाही.

तेराव्यानंतर भावजयीनं गाठ मारलेला पंचा माझ्यापुढे टाकला. "तुज्यासाठीच म्हनाला व्हता. घे."

ज्येष्ठात मी बी छपरावर पेरलं. ते उगवलं. भाद्रपद कोरडा गेला, लेकीला ताप आला नाही. मी रोज गडग्यावर चढून झाडं बघायची आणि हात मागे घ्यायची. आश्विनात भावजयीकडे राहायला आलेल्या तिच्या नातवाला ताप भरला. ती दारात येऊन उभी राहिली, पण मागेना. मी बघत होते तिच्याकडे आणि मनात झाडं धरून बसले होते. माझ्या लेकीला उद्या ताप आला तर? परवा आला तर? ती वळून दोन पायऱ्या उतरली तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला. "आत्या, थांबा." मी वर चढले आणि ओटीभर पाला काढून तिला दिला. पुन्हा लागला तर या, असंही म्हणाले.

तिन्हीसांजेला लेक अंगणातून खेळून आली. मी तिच्या कपाळाला हात लावला. गरम वाटलं. मी बाहेर धावले आणि कुंपणावरून हाक मारली, "बाबा, जरा हात लावून बघा हो हिला!"

ओट्यावर कोणी नव्हतं. मग आत येऊन माझे हात गार पाण्यानं धुतले, पुसले आणि पुन्हा तिच्या कपाळावर ठेवले. ती म्हणाली, "आई, भूक लागली." तरी मी हात काढला नाही.