पायाळूची लाथ

रसायनीच्या कारखान्यात पिंपं उचलून बाबांची कंबर दोन वर्षं दुखत होती. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वजन उचलायचं नाही, व्यायाम करायचा, मग ऑपरेशनचं बघू. ठेकेदार म्हणाला, मग कायमचेच घरी बसा.

आता उपाय म्हणून उरलो मी. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला. अशाची लाथ बसली की कंबरदुखी जाते म्हणे! अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा मी भडकलो.

पालथे पडूनच बाबा म्हणाले, "तुझ्या पत्रकानं कंबर शेकू का रं? मार लाथ. कामावर जायचं हाय."

मी मारली नाही. ते भिंतीला धरून उठले, पट्टा आवळला आणि पिंपं उचलायला गेले. ती लाथ मी ठेकेदारासाठी राखून ठेवली आहे.