बत्तीस मेलेल्या शेळ्यांचा अहवाल

बिरू वेरूळजवळच्या एका वाडीतला, शेळ्या-मेंढ्यांमागे वाढलेला. संख्याशास्त्रात एमएस्सी करून तो छत्रपती संभाजीनगरच्या एका पशुसंशोधन संस्थेत चिकटला, तरी घाईत असला की चहावाल्यालासुद्धा 'हुर्र' करूनच हाक मारायचा. नोकरी वर्षाच्या करारावर होती. जंतांच्या नव्या औषधाचा अहवाल पसंत पडला तर कायम, नाहीतर परत वाडीवर.

औषध दिलं होतं बिरूच्याच घरच्या एक्केचाळीस शेळ्यांना. तीनशे दिवस नोंद ठेवायची होती आणि ती रोज संध्याकाळी त्याची आई बानाबाई फोनवर द्यायची, कारण पोरगा दिवाळीपासून घरी फिरकलाच नव्हता. बानाबाईची पद्धत सासूकडून आलेली. प्रत्येक शेळीचा एक खडा. संध्याकाळी वाडग्यात, म्हणजे शेळ्यांच्या कुंपणात, आली तिचा खडा पिशवीत, न आली तिचा बाहेर.

बिरूने ते जसंच्या तसं संगणकात भरलं. प्रत्येक शेळीपुढे दोन रकाने: किती दिवस पाहिली आणि शेवटी काय झालं. वाडग्यात असली तर एक, नसली तर शून्य. धनगराच्या पोराला याहून वेगळं काय सुचणार? पण त्या प्रोग्रामचा कायदा नेमका उलटा. मेली तिला एक. अजून जिवंत असली किंवा नुसती नजरेआड झाली असली तर शून्य, आणि तिच्या दिवसांपुढे अधिकची खूण: इथवर नक्की होती, पुढचं ठाऊक नाही. असल्या अर्धवट कहाणीला त्या शास्त्रात 'सेन्सॉर्ड' म्हणतात. हे सगळं बिरूने परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. डोकं मात्र वाडग्यातच राहिलं होतं.

संगणकाने हूं की चूं न करता तीनशेव्या दिवशी बत्तीस शेळ्या मारून टाकल्या. बिरूने आलेख न बघताच अहवाल विभागप्रमुख सुरेखा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि तो चहाला गेला. मॅडमनी वाचला, त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली, आणि त्यांनी तडक संस्थेचा डॉक्टर वाडीवर धाडला.

दुपारी आईचा फोन आला. "आरं बिरू, हितं एक डॉक्टर आलाय. हातमोजे घातल्यात, संगट सुरी हाय. मेलेल्या शेळ्या दाखवा म्हणतोय. कोणच्या दाखवू?"

"मेलेल्या?"

"बत्तीस पायजेत म्हणं. वाडग्यात बत्तीस हायेत, पर समद्या त्याच्याकडं बघायल्यात."

बिरूने धावत येऊन अहवाल उघडला आणि कपाळाला हात लावला. नोकरी गेली, असं त्याला अगदी स्पष्ट दिसलं.

तासाभराने बानाबाई काळीपिवळी जीपमधून संस्थेच्या दारात उतरली. एकटी नाही, पुरावा म्हणून भिंगरी नावाची शेळी सोबत. भिंगरीने आत येताच मॅडमच्या टेबलावरची हजेरीवही चाटली.

"ओ मॅडम, ही मेलीय का बघा," बानाबाई म्हणाली.

मॅडमनी भिंगरीकडे पाहिलं, मग बिरूकडे. बिरू पुटपुटला, "एक आणि शून्याची अदलाबदल झाली, मॅडम. आत्ता उलटं करतो." त्याने केलंही. बत्तीस शेळ्या जिवंत झाल्या आणि उरलेल्या नऊ मेल्या.

"नऊ?" बानाबाई उसळली. "चारच मेल्या. पाच तर नांदाया गेल्या!"

"म्हणजे विकल्या," बिरूने मॅडमना दबक्या आवाजात सांगितलं. बानाबाईच्या तोंडी विकलं हा शब्द कधी नव्हता. पण खडे दोघींचेही बाहेर, विकलेलीचे आणि मेलेलीचे, आणि त्याने दोघींनाही शून्य देऊन ठेवलं होतं. आता कोण कुठे गेली हे फक्त म्हातारीलाच ठाऊक.

मॅडमनी स्वतःची खुर्ची दिली. "मावशी, बसा. सांगा."

बानाबाईने डोळे मिटून नऊच्या नऊ सांगितल्या, दिवसासकट. कोणती पोट फुगून गेली, कोणती लांडग्याने नेली, कोणती सिल्लोडच्या बाजारातून नांदायला गेली आणि जाताना कशी मागं वळून बघत होती. बिरू भरत गेला. चार एक, सदतीस शून्य. पडद्यावर अधिकच्या खुणांची रांग लागली आणि औषध गुणाचं ठरलं. मॅडम हसत म्हणाल्या, "बिरू, तू कायम. पण खडे मावशींकडेच राहू देत."

बानाबाई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ही खूण कसली?"

"इथवर बघितली, पुढचं ठाऊक नाय, आई."

"मंग तुज्या नावापुढं बी टाक. दिवाळीपत्तर बघितला व्हता."

बिरूने संगणक बंद केला. मॅडमनी न मागता दोन दिवसांची रजा लिहून दिली. भिंगरीला मांडीवर घेऊन तो जीपमध्ये बसला आणि तिने वेरूळ येईपर्यंत त्याच्या शर्टाची कॉलर संपवली.

तिन्हीसांजेला बानाबाई वाडग्याच्या तोंडाशी खडे टाकत होती. बिरू शेजारी उभा राहून सवयीने मोजत होता. बत्तिसावी शेळी आत गेली, तरी आईने आणखी एक खडा पिशवीत टाकला.

"आई, एक जास्त झाला."

"नाय झाला," बानाबाई पिशवीचं तोंड आवळत म्हणाली. "त्यो तुजा हाय. दिवाळीपासनं भाईर पडला व्हता."