अर्थ न बदलता

गणिताच्या मास्तरांकडे किस्से साठत नाहीत. त्यांचं उत्तर एक तर बरोबर, नाही तर चूक, विषय संपला. मराठीच्या बाईंचं तसं नसतं. मुलं निबंध लिहितात, आणि निबंधात मुलं काहीही लिहितात! आम्ही जुन्या शिक्षिका चहाला जमलो की एकीची आठवण संपायच्या आत दुसरीची ओठावर तयार असते. मी परळच्या शाळेची आठवण काढली की मात्र बाकीच्या गप्प बसतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी खोताच्या वाडीशेजारी वाढलेली, नुकती बी.टी., म्हणजे आताचं बी.एड., झालेली. गिरगावातून ट्रामने परळला जायचे आणि अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, मराठी शिकवायचे. मुलं गिरणी कामगारांची, घरात मालवणी बोलणारी. माझं मराठी शुद्ध, आणि नाकही जरा वरच.

* * *

पहिल्याच आठवड्यात शुद्धलेखन घातलं. 'रामू चेंडू घेऊन पळाला.' तिसऱ्या बाकावरच्या वामन परबने त्यातला अनुस्वार खाल्ला. मी त्याची वही वर धरली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं, "रामू चेडू घेऊन पळाला."

वर्ग हसता हसता बाकाखाली जायचा राहिला. एका टिंबाला इतकं हसायला काय झालं, मला कळेना. शेवटी पुढच्या बाकावरच्या सुमतीने मान खाली घालून सांगितलं, "बाई, आमच्यात चेडू म्हणजे मुलगी."

परब उभा राहिला. "बाई, गुण नका कापू. आमच्या चाळीत खरंच पळाला एक रामू."

मी अर्धा गुण कापला. पण अनुस्वाराचं महत्त्व त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

* * *

निबंधांची तऱ्हा आणखी वेगळी. विषय कोणताही द्या, शेवट ठरलेला. नदीकाठची संध्याकाळ असो की वाचनाचे महत्त्व, शेवटची ओळ एकच: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

वैतागून मी 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' दिलं. म्हटलं, छत्री बिचारी कसलं राजकारण करणार?

परबची छत्री दुकानातून निघाली, लालबागच्या चाळीत आली. दोन पावसाळे काढले. तिसऱ्या पावसाळ्यात मोर्चात गेली आणि तिथे तिच्या दोन काड्या मोडल्या. शेवट असा होता: 'आता मी अडगळीत पडले आहे. माझी स्वतःची काही इच्छा उरली नाही. पण मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!'

खरं सांगते, मला गलबलून आलं. मी छत्रीला दहापैकी सात दिले.

ते गुण हेडमास्तरांच्या नजरेला पडले. हेडमास्तर दादरला राहणारे, पुणेरी बोलणारे. माणूस भित्रा नव्हे, पण शाळेच्या सरकारी ग्रँटला जपणारा. त्यांनी मला बोलावून समजावलं की, बोर्डाचा परीक्षक कोण, कुठल्या विचाराचा, काही सांगता येत नाही. मुलांचं नुकसान व्हायचं.

"तेव्हा बाई," ते म्हणाले, "छत्रीला आवरा."

* * *

एकदा वृत्तं शिकवत होते. ओळीतली लघु-गुरू अक्षरं ओळखायची, तीन-तीनांचे गण पाडायचे, गणाचं नाव सांगायचं. एवढ्यात खालून मोर्चा गेला आणि अख्खा वर्ग खिडकीत. आता यांना बाकावर आणायचं कसं? मी फळ्यावर लिहिलं, 'झालाच पाहिजे'. म्हटलं, पाडा गण.

सगळा वर्ग एकदम कामाला लागला, असं पहिल्यांदाच घडत होतं. 'झालाच' म्हणजे गुरू, गुरू, लघु, गण 'त'. 'पाहिजे' म्हणजे गुरू, लघु, गुरू, गण 'र'. गलका ऐकून हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. काय चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं. वृत्तं चालली आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी फळा वाचला.

"गण कोणते आले?"

"त आणि र, सर," परब म्हणाला. आणि मग सगळा वर्ग एका सुरात, "तर!"

हेडमास्तर वळले. वळताना त्यांच्या मिशा हललेल्या मी पाहिल्या.

* * *

परबचं मात्र सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आदल्या वर्षी तो प्रिलिमला मराठीत नापास झाला, म्हणून शाळेने त्याचा फॉर्म बोर्डाकडे पाठवलाच नव्हता. मॅट्रिक झाला तर गोदीत त्याच्या मामाने कारकुनाची जागा बघून ठेवली होती. नाही तर गिरणी होतीच. एकदा त्याचे वडील शाळेत आले. दाराबाहेर चपला काढून, खोकला आवरत उभे राहिले.

"बाई, ह्येका तेवढो पास करा. माझ्या छातीत कापूस गेलो, ह्येच्या नको."

माझं वर असलेलं नाक त्या दिवशी खाली आलं. दुसऱ्या दिवसापासून मी परबला मधल्या सुट्टीत बसवून व्याकरण घोटून घ्यायला लागले.

'अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा' हा प्रश्न हमखास यायचा. मी दिलं, 'सूर्य उगवतो.' परबने लिहिलं, 'सूर्य उगवत नाही.' म्हटलं, अरे, जगच बुडवलंस की! अर्थ तोच ठेवायचा, फक्त 'नाही' आणायचं. 'सूर्य उगवल्याशिवाय राहत नाही.'

त्याने दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली. "म्हणजे बाई, नाही म्हणूनपण होच म्हणायचं?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, गृहपाठ केलास का?

"बाई, केल्याशिवाय राहणार नाही."

* * *

प्रिलिमला परब मराठीत पास झाला, अगदी काठावर. पण निबंध होता 'पहाटेचे दृश्य', आणि पहाटेचाही शेवट तोच! हेडमास्तरांनी त्याचा फॉर्म बाजूला काढला.

मी भांडले. पोराला गिरणीत ढकलायचंय का, असं तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले की, बोर्डात याच वाक्यापायी कुणी त्याला नापास केलं, तर ढकलणारे आपणच ठरू. मग त्यांनी परबला बोलावलं. बोर्डाच्या पेपरात ते वाक्य लिहिणार नाही असा शब्द दे, फॉर्म आजच जाईल.

परबला ते फार जड गेलं. त्याचे वडील आणि थोरला भाऊ, दोघंही मोर्चाला जाणारे. तो माझ्याकडे बघत राहिला. मी डोळ्यांनीच विनवलं.

"नाही लिहिणार ते वाक्य," तो म्हणाला.

निकाल लागला आणि परब पास झाला! मराठीत तर चांगल्या गुणांनी. पेढे घेऊन तो ऑफिसात आला. मागे वडील, या वेळीही चपला बाहेर काढूनच. हेडमास्तरांनी पेढा तोंडात टाकला आणि निबंध कोणता लिहिलास म्हणून विचारलं. 'माझे शेजारी', असं तो म्हणाला.

"दिलेला शब्द पाळलास ना?"

"पाळला, सर. झालाच पाहिजे असं कुठंच नाय लिवलं."

"मग शेवट काय केलास?"

परबने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय राहणार नाही."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, अर्थ बदलला का हो?"

"नाही, सर."

त्यांनी दुसरा पेढा उचलला.