माहेरी राहिलेला देव

लग्नानंतरचा पहिला नाताळ मी कोल्हापुरात, माहेरीच केला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पहाटेच्या उपासनेला पप्पांशेजारी उभी राहिले. त्यांचा आवाज खर्जातला. चर्चमध्ये गीत सुरू झालं की तो बाकातून माझ्या पायापर्यंत यायचा. चार दिवस घरात करंज्या, पाहुणे, गाणी. मग दारातली चांदणी उतरवली, आणि मी सासरी, कुरुंदवाडला जाणाऱ्या एसटीत बसले.

सासर लिंगायत. नवरा माझ्या कॉलेजातला, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. या लग्नाला दोन्ही घरांनी जड मनानंच होकार दिला होता. सासरी मला कुणी काही मनाई केली नव्हती, पण माझ्या देवाबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून बायबल मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. प्रार्थना मनातल्या मनात, अंगावर पाणी घेताना. मग तीही घाईघाईत होऊ लागली, आणि हळूहळू राहूनच जाऊ लागली.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी भाकऱ्या थापत होते. कोल्हापुरात आत्ता उपासना सुरू झाली असेल, पप्पा कुठल्या बाकावर बसले असतील, असं काहीबाही मनात येत होतं. सासूबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, दारातून आत आल्या तेव्हा कळलं, की मी चक्क गात होते. हातातली भाकरी घाईनं तव्यावर टाकली.

"काय म्हणत होतीस गं?"

"नाताळचं गाणं, अव्वा. चुकून आलं तोंडात."

"मग थांबलीस कशाला? म्हण की!"

मी तव्यावरची भाकरी उलटत राहिले. अव्वा जवळ येऊन बसल्या. आवाज त्यांचा मुळातच मोठा, पार शेजारी ऐकू जाणारा.

"तुजा देव म्हायेरीच ठिवून आलीस व्हय?"

डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर म्हणावा तर घरात गॅस होता. अव्वांनी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग पदराआडून बाहेर काढलं. "ह्यो बग. शेतात गेलो, बाजारात गेलो, तरी संगटच. छातीवर. माणसानं देव असा जवळ ठिवावा. सणापुरता कसला देव?"

दुसऱ्या दिवशी पूजेला बसताना त्यांनी शेजारी आणखी एक पाट टाकला आणि मला हाक मारली. त्या डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसल्या. मी मांडीवर बायबल घेतलं, डोळे मिटले. आधी काही सुचेना. नुसती चर्चमधली ती सकाळ आठवत राहिली. मग हळूच प्रभूची प्रार्थना म्हटली, ओठांतल्या ओठांत.

"मोठ्यानं म्हण," अव्वा डोळे न उघडताच म्हणाल्या. "घर तुजंच हाय."

तेव्हापासून आमचं तसंच चालू राहिलं. नाताळ आला की कोल्हापूर, एरवी हा पाट. तरीही गीत एकटीनं म्हणताना मी पहिल्या कडव्यापुढं जायचे नाही. गावात चर्च नव्हतं. सगळ्या मंडळीच्या आवाजात आपला आवाज मिसळून जाणं म्हणजे काय, हे त्या घरात मी कुणाला सांगणार होते? अव्वा शेजारी असायच्या, आणि त्या असूनही मी मनानं तिकडच्या बाकावर असायचे.

काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, पप्पा गेले. माती देऊन परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळी पाटावर बसले, पण तोंडातून शब्द फुटेना. प्रार्थना सुरूच होते ती स्वर्गातल्या बापाला हाक मारून, तिथंच अडत होतं. अव्वांची पूजा आटोपली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज म्हणवत न्हाय व्हय?"

मी मान हलवली.

"मग नुसती बस. त्यो ऐकतोय की."

त्या स्वतःही उठल्या नाहीत. आत चहा उकळून उतू गेल्याचा वास आला, तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.