गाडीच मागं घ्या

रविवारी सकाळी बाराशे रुपये मजुरी ठरवून माझ्या जुन्या गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससकट काढायला घेतले. हजर मी, बायको आणि कळंबचा एक माणूस. नाव विचारायचे राहून गेले. एरवी तो विहिरीतले पंप वर काढतो. बायकोने बजावले होते, "आज इंजिन निघालं नाही, तर उद्या गाडी भंगारात."

बारामतीतले आमचे गॅरेज म्हणजे घराला टेकून उभारलेला पत्रा. गाडीच्या नाकापुढे जेमतेम फूटभर जागा आणि मग भिंत. एवढ्या जागेत इंजिन पुढे कसे ओढायचे, ते मी टेप घेऊन मोजत बसलो. त्याने पुढची जाळी काढली, इंजिनावर उंच लोखंडी तिपाई उभी केली आणि तिला टांगलेल्या कप्पीची साखळी ओढू लागला. दर ओढीला सवयीने वाकून खाली बघायचा, जणू विहिरीतच. इंजिन अधांतरी लोंबल्यावर त्यावर थाप मारून म्हणाला, "तात्या, ह्ये हितंच राहू द्या. गाडीच मागं घ्या की!"

मग बायकोकडे वळला. "वैनी, तुमी स्टेअरिंग धरा. आमी ढकलतो."

ती पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. इंजिन तिथेच लोंबत राहिले, गाडी अंगणात आली, तरी ती उतरेना.

"चालू कधी होणार ही?" तिने मलाच विचारले.

बाराशे रुपये त्या माणसाला तिनेच दिले, स्वतःच्या पर्समधून.