पाचांत न बसलेलं गाणं

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडनेरच्या नर्सरीत मिरचीच्या रोपांना पाणी देत होते. फोन गजूचा, त्याच्या बँडमधल्या ड्रमवाल्याचा. "ताई, पम्या दुकानातच कोसळला..." एवढंच बोलला. मी नळ बंद केला, कामावरच्या बायांना ट्रे सावलीत ठेवायला सांगितले आणि नांदुऱ्याला निघाले. प्रमोद, माझा धाकटा भाऊ, तिथं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि रविवारी तीन मित्रांबरोबर रॉक वाजवायचा. गावात शेजारी कटकट करायचे, म्हणून तालीम माझ्या नर्सरीच्या गोदामात. भिंतीला लावलेल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, गोण्या आवाज पितात म्हणे. माझं डोकं मात्र दर रविवारी दुखायचं.

दोनेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कार्यक्रमासाठी त्यांना पाच गाणी पाठवायची होती, बँडचे सगळे रंग दिसतील अशी. चौघांच्या चार याद्या झाल्या, भांडणं झाली. शेवटी प्रमोद सगळी गाणी फोनमध्ये घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, तूच निवड."

"मले त्यातलं काय समजते बे?"

"म्हणूनच तर! आमाले समदे आपलेच लेकरं वाटतात."

ट्रेमधली दाट रोपं उपटते तशी मी गाणी उपटली. एका जातीचं एकच ठेवायचं. दणदणाटाचं एक, पाय हलवणारं एक, डफड्याचं एक, बोलत बोलत म्हटलेलं एक. संथ गाणी मात्र दोन होती. एक गजूचं, दुसरं प्रमोदनं गोदामात एकट्यानं गिटारवर म्हटलेलं. चाल थोडी इकडेतिकडे, चव तीच. मी प्रमोदचं काढलं. "तुहा आवाज दबला आहे," म्हटलं. तो गोण्यांकडे पाहत म्हणाला, "हाव, बराबर आहे." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

तेरावं झाल्यावर गजू आला. प्रमोदच्या आठवणीत नांदुऱ्याला कार्यक्रम ठेवला होता, पुन्हा पाचच गाणी ऐकवायची होती.

"ताई, या खेपेले तरी पम्याचं घ्या."

"ऐकून सांगते."

दुपारी गोदामात बसून प्रमोदच्याच फोनवर ते ऐकलं. आवाज दबलेलाच होता. मेला म्हणून सूट दिली, तर तेव्हाचं माझं मत खोटं ठरलं असतं, आणि त्यानं ते खरं मानलं होतं. एवढा विचार होईपर्यंत गाणं संपलं. मागच्या वेळी मी तिथंच बंद केलं होतं; या वेळी हात उचलला नाही. रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची करकरली. मग बाहेरून माझाच आवाज : "पम्या, भाकर थंडी होऊन राह्यली बे!" आणि अगदी जवळून तो : "आलो, आलो..."

गजूला मी नाही म्हटलं.

"काऊन, ताई?"

"तुह्या गाण्यासारखंच आहे ते."

मी दिलेलं कारण खरं होतं, पण तेवढंच होतं असं मी इथं लिहिणार नाही. शेवट कापता आला असता, हे मलाही कळतं. मला ते गाणं कुणाच्या हाती द्यायचंच नव्हतं.

आता बाया जेवायला बसल्या की मी गोदामाचं दार लोटून ते लावते. गाणं पुढे ढकलते, थेट शेवटाला. तो "आलो" म्हणतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. त्या दिवशी तो खरंच जेवायला आला होता का, ते मला आठवत नाही.