काथ्या तिखटाला, रेशीम साखरेला

नायगावच्या बीडीडी चाळीत कुणाचं काही मोडलं, अडकलं किंवा गळू लागलं की एकच सल्ला मिळायचा, "गमऱ्यांकडे जा." एकात एक घट्ट बसलेले पेले घेऊन बाया यायच्या. शामराव गमरे आतल्या पेल्यात गार पाणी ओतायचे, बाहेरचा गरम पाण्यात धरायचे आणि पेले अलगद सुटायचे. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाका, मिठाला पाणी सुटत नाही. सुईचं टोक साबणाच्या वडीत खुपसून काढा, जाड गोधडीतूनही सुळकन जाते. असल्या युक्त्या त्यांच्याकडे पोत्याने होत्या, आणि खरोखरीची पोतीही होती. मोडक्या छत्रीच्या काड्या, सायकलची फाटकी ट्यूब, डालड्याचे डबे, सुतळीचे गुंडाळे असा सगळा संसार कॉटखाली कोंबलेला असायचा. त्यांची बायको कौसल्याबाई शेजारच्या सुंदराबाईला म्हणायची, "मी मेले ना, तर मलाही कॉटखाली ठेवतील बघ. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून."

शामराव यावर हसायचे. ऐकू आलं म्हणून नव्हे, बायकोच्या ओठांवरून त्यांना कळायचं म्हणून. त्यांची सगळी उमर गिरणीच्या रिंगखात्यात गेली होती. तिथे हजारो चात्या दिवसभर गरगरत सूत कातत आणि तुटलेला धागा दिसला की धावत जाऊन तो सांधायचा, हे शामरावांचं काम. कापड विणायच्या साच्यावर त्यांच्या समाजाच्या माणसाला घेत नसत. साच्यावर धोट्यातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागतं ना, विटाळ होतो म्हणे. कातलेल्या सुताला मात्र विटाळ नव्हता. असो. रिंगखात्याच्या त्या घरघरीत शामरावांचे कान हळूहळू गेले.

पण कान गेले म्हणून बोलणं गेलं नाही. रिंगखात्यात तोंडाने बोलायची सोयच नव्हती, सगळा कारभार हातांचा. दोन्ही चिमटी जवळ आणून झटकन दूर नेल्या की 'धागा तुटला.' नाकाखाली बोट फिरवलं की 'जॉबर आला,' कारण खात्यावर देखरेख करणारा जॉबर मिशीवाला. अंगठा ओठाला लावला की 'चहा.' अंगठा आणि तर्जनी जुळवून कपाळाशी नेली की 'झकास.' आणि दोन बोटं जमिनीकडे करून खाली दाबली की 'जागा सोडू नको.' लग्न होऊन आलेल्या कौसल्याबाईने ही भाषा महिन्याभरात उचलली. ती तोंडाने बोलायची, शामराव हातांनी उत्तर द्यायचे. दोघांचं भांडणही असंच व्हायचं. चाळीतली पोरं दारात उभी राहून ते बघायची, कारण त्यात निम्माच आवाज असायचा आणि गंमत दुप्पट.

शामराव तोंडाने अगदीच बोलत नसत, त्यालाही कारण घडलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत चाळीच्या पटांगणात सभा व्हायच्या, आणि शामराव सगळ्यांच्या पुढे बसायचे. पुढारी म्हणायचा, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," आणि लोक गरजायचे, "झालाच पाहिजे!" एकदा सगळे गरजून गप्प झाले आणि त्या शांततेत शामरावांचा एकट्याचा पहाडी आवाज उठला, "झालाच पाहिजे!" मागे वळून लोकांचे ओठ बघायचे आणि मग घोषणा द्यायची, म्हणजे एक ठोका मागे राहायचंच. अख्खं पटांगण हसलं, वक्ताही हसला. शामरावांनीही हसून वेळ मारून नेली, पण त्या दिवसापासून सभेत ते नुसती मूठ वर करू लागले. घरीही जे काही बोलायचं ते हातांनी.

आणि साठ साल उजाडता उजाडता कौसल्याबाईची नजर गेली.

ती एकदम गेली नाही, कडेकडेने आकसत गेली आणि तिने ते लपवलं. तांदूळ निवडायचं काम सुंदराबाईच्या गळ्यात घातलं, "माझी कंबर धरते ग," म्हणून. शेवटी एकदा चहा कपात न पडता कपाच्या शेजारी पडला तेव्हा शामरावांना कळलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. त्यानंतर काही दिवसांतच स्टोव्हला पंप मारताना तिच्या पदराने पेट घेतला. सुंदराबाईने धावत येऊन गोणपाट टाकलं म्हणून निभावलं.

ही बातमी शिवडीला लेकीकडे, कमलकडे पोचली आणि कमल त्याच दिवशी आली. तिचा नवरा कोंडीराम गोदामात मुकादम होता, माणूस सरळ. कमलने वडिलांसमोर नीट बसून, ओठ सावकाश हलवत सांगितलं, "बाबा, आईला मी नेते. तुम्ही पाळीवर गेलात की ती एकटी. आणि घरी असलात तरी तिने हाक मारली तर तुम्हाला ऐकू येणार आहे का?"

पोरगी बोलत होती ते खरंच होतं. कौसल्याबाई भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "माझ्या चुलीवरून मला उठवू नका ग."

"एक मेला महाराष्ट्र होतोय," कमल म्हणाली. "रविवार आहे. त्या दिवशी येते न्यायला. तोवर स्टोव्हला हात लावायचा नाही."

शामरावांनी त्याच संध्याकाळी कॉटखालचं भांडार बाहेर काढलं.

आधी डबे. त्यांनी प्रत्येक डब्याला दोरा बांधून गाठी मारल्या, मिठाला एक, साखरेला दोन, तिखटाला तीन. मग बायकोचे असतात तसे हात पिठात माखून, डोळे मिटून स्वतः चहा केला. पिठाच्या हातांना गाठी कळेनात आणि चहात मीठ पडलं. शामरावांनी तो चहा पिऊन टाकला, कारण फेकून द्यायची सवय नव्हती, आणि विचार केला की बोटांना मोजायला कशाला लावायचं? बोटं ओळखतात. मग त्यांनी तिखटाच्या डब्याला खरबरीत काथ्या गुंडाळला, साखरेला जुन्या साडीच्या काठाचं रेशीम, मिठाला सुतळी, हळदीला लोकरीचा धागा. कौसल्याबाईने हात फिरवला आणि काथ्याला लागताच झटकन मागे घेतला. "हे तिखट," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली.

स्टोव्ह सुंदराबाईकडे गेला. शेगडी आली, ती पत्र्याच्या परातीत वाळू पसरून विटांत पक्की बसवली, म्हणजे धक्का लागला तरी कलंडू नये. सांडशीला दोरी बांधून ती उजव्या हाताला खिळ्यावर टांगली. खोलीच्या दारापासून नळापर्यंत गॅलरीच्या कठड्याला दोर लावला आणि पायरीच्या आधी एक जाड गाठ मारली, हाताला गाठ लागली की पाय उचलायचा. पोरांना बजावलं, या दोरावर कपडे वाळत घातलेत तर बघा.

राहता राहिलं दूध. ते उतू जायच्या आत कळायचं कसं? शामरावांनी पातेल्याच्या तळाशी एक छोटी वाटी पालथी ठेवली आणि वर दूध ओतलं. दूध उकळीला आलं की खालची वाटी नाचायला लागते. त्यांना स्वतःला आवाज येईना, म्हणून पातेल्याला सांडशी टेकवून तिची थरथर हाताने बघितली आणि सुंदराबाईला खुणेने विचारलं, ऐकू येतं का? सुंदराबाई म्हणाली, "अहो, खालच्या मजल्यावर येत असेल!"

महिना सरता सरता कौसल्याबाई सगळा स्वयंपाक स्वतः करू लागली. भाकरी हाताच्या अंदाजाने, भाताचं पाणी बोटाच्या पेराने. शामरावांना वाटलं, जिंकलं. आता कमल आली तरी काय म्हणून नेईल?

पण घरात काहीतरी बिनसत होतं आणि ते कॉटखालच्या कुठल्याच वस्तूने नीट होईना. कौसल्याबाई दिवसेंदिवस गप्प होत चालली. जेवताना काहीतरी पुटपुटायची, पण तोंड शेगडीकडे किंवा भिंतीकडे, त्यामुळे शामरावांना ओठ दिसत नसत. मग तिचं तेही बंद झालं. शेवटच्या आठवड्यात तिने लुगडी काढून गाठोडं बांधायला घेतलं. शामराव बघत राहिले. तिला जायचंय, त्यांना वाटलं. या दोऱ्या-सुतळ्यांच्या जंजाळाला कंटाळली असेल. लेकीकडे नातवंडं आहेत, बोलायला माणसं आहेत. इथे एक बहिरा. गाठोड्याची गाठ सुटत होती तर त्यांनी ती स्वतःच्या हाताने पक्की करून दिली. रिंगखात्यातल्या माणसाची गाठ, सुटते कसली!

एक मेला चाळीला तोरणं लागली. पटांगणात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून सकाळीच पेढे वाटले गेले. दुपारी कमल आली. आईचं बांधलेलं गाठोडं, काथ्याचा डबा, गॅलरीतला दोर, हे सगळं तिने बघितलं आणि ती जरा थबकली.

"आई, तू तर सगळं करतेस की. मग यायचंय ना तुला?"

कौसल्याबाईने पदर तोंडाला लावला. "यायचं नाही तर काय करू? तुझ्या बाबांना मी नकोशी झालेय, कमल. महिना झाला, माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. रोज विचारते, कालवण कसं झालंय? उत्तर नाही. गुपचूप जेवतात नि उठतात. एवढं सगळं करून दिलं ते माझी सोय म्हणून, का माझी कटकट नको म्हणून, कुणास ठाऊक."

शामरावांना दिसत होतं की बायको रडतेय आणि लेक आपल्याकडे रोखून बघतेय. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं?

कमल त्यांच्या समोर आली. "बाबा, आई म्हणते, तुम्ही तिच्याशी बोलत नाही."

शामराव उसळलेच. त्यांचे दोन्ही हात भराभर हवेत चालू लागले. कोण बोलत नाही? रोज बोलतो! काल म्हटलं, सुकट झकास. परवा म्हटलं, दमलीस, बस जरा. सकाळी निघताना रोज म्हणतो, येतो. आणि काय बोलायचं माणसाने?

कमल त्या हातांकडे बघत राहिली आणि तिला हसू आलं आणि रडूही. "बाबा," ती म्हणाली, "पण तिला तुमचे हात दिसतायत का?"

शामरावांचे हात हवेतच थांबले.

त्यांनी आधी उजव्या हाताकडे बघितलं, मग डाव्या. अख्ख्या घरातला डबा न् डबा त्यांनी बायकोच्या बोटांना ओळखता येईल असा केला होता. पातेल्याला बोलायला लावलं होतं. आणि एवढ्या उठाठेवीत स्वतःचे हात तेवढे राहून गेले होते. कपाळाला हात लावावा, तर तोही तिला दिसणार नव्हता. त्यांना लाज वाटली.

ते कौसल्याबाईच्या समोर खाली बसले. तिचे दोन्ही हात घेऊन त्यांनी आपल्या हातांवर ठेवले. ती दचकली. मग त्यांनी चिमटी जुळवल्या आणि झटकन दूर नेल्या. धागा तुटला. पुन्हा जवळ आणल्या आणि अंगठ्याने हलकासा पीळ दिला. सांधतोय. कौसल्याबाईची बोटं त्यांच्या बोटांवरून फिरत होती, डब्यांवरून फिरायची तशीच, ओळखत ओळखत. शेवटी शामरावांनी दोन बोटं जमिनीकडे केली आणि खाली दाबली. तिच्या हातासकट दाबली आणि दाबून धरली.

जागा सोडू नको.

"अगं बाई," कौसल्याबाई म्हणाली. हात हातात असल्यामुळे नवरा कुठे बसलाय ते तिला बरोबर कळत होतं. तिने चेहरा त्यांच्याकडे केला आणि शामरावांना महिन्यानंतर तिचे ओठ सरळ समोर दिसले. "मग रोज असंच काहीतरी म्हणत होतात?"

शामरावांनी मान हलवली, मग चूक कळून तिच्या हातासकट हात हलवला.

कमलने डोळे पुसले. गाठोड्याकडे बघून ती म्हणाली, "शिवडीहून फुकट आले म्हणायची मी. निदान चहा तरी पाजा." कौसल्याबाईने दोर-सुतळ्यांच्या आधाराने शेगडीवर दूध चढवलं आणि पुन्हा नवऱ्यासमोर येऊन बसली. हात पुढे केला. महिन्याभराची थकबाकी वसूल करायची होती.

शामराव सांगू लागले. तिचा हात कपाळापर्यंत नेऊन, सुकट झकास. भाकरी झकास. मग जरा घुटमळून, मिठाचा डबा जवळ ओढून त्याची सुतळी तिच्या बोटांना लावली आणि तिच्या हातासकट हात लांब पसरला.

"मीठ जास्त?" कौसल्याबाई हसत ओरडली. "आणि हे आत्ता सांगताय होय!"

तेवढ्यात शेगडीवर दुधातली वाटी खडखडू लागली. कमल धावायला उठली, पण तिला कौसल्याबाईने हातानेच थांबवलं. शामरावांना काहीच ऐकू आलं नव्हतं. बायको एकाएकी का उठली म्हणून ते बघत होते. ती तीन पावलांत शेगडीशी गेली, खिळ्यावरून सांडशी घेतली, पातेलं धरलं आणि थेंबही न सांडता खाली उतरवलं. कमल जागच्या जागी उभी राहिली. मग तिने गाठोडं उचललं आणि दात लावून, नखं लावून, वडिलांनी मारलेली गाठ सोडवायला बसली.

कौसल्याबाई परत आली. जागेवर बसली, हात पुढे करून नवऱ्याचा हात शोधला आणि त्याच्यावर आपला ठेवला.

"हं," ती म्हणाली. "बोला. ऐकते मी."